ऑफिसच्या फोन सिस्टिमसाठी बिनपंख्याचं, कमी वीज खाणारं यंत्र आणि टिकाऊ फ्लॅश: नक्की काय घ्यावं?

मधलीखोली:

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात अठरा एक्स्टेन्शन आहेत. फोनची सगळी व्यवस्था अ‍ॅस्टरिस्क (कॉल जोडणारं सॉफ्टवेअर) आणि फ्रीपीबीएक्सवर (ते वेब पानांतून हाताळायची सोय), एका जुन्या डेस्कटॉपवर चालते. बाहेरच्या दोन तांब्याच्या लाइनी त्यातल्या पीसीआय कार्डात येतात, शिवाय एक सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी लाइन, आहे. एका वेळी फार तर आठ-दहा कॉल चालू असतात. आयव्हीआर (‘विक्रीसाठी एक दाबा’ असं सांगणारा आवाज), व्हॉइसमेल आणि विक्री विभागातल्या चौघांचं रेकॉर्डिंग, एवढंच काम.

हा डेस्कटॉप बैठकीच्या खोलीत कपाटावर ठेवलाय. पंखा सतत घरघरतो, खोली तापली की आणखी जोरात. बैठक चालू असताना स्पीकरफोनवरून पलीकडच्यांना आमच्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू जातो. मीटर लावून पाहिलं तर कॉल नसतानाही ६० वॉटच्या आसपास खातो. हार्ड डिस्कही आता सुरू होताना खडखडते, त्यामुळे बदल करायचाच आहे.

मला हवं ते यंत्र पंखा नसलेलं, दिवसरात्र चालू राहणारं आणि फिरती डिस्क नसलेलं. पण साठवण कशावर घ्यायची इथे अडलोय. कोणी कॉम्पॅक्टफ्लॅश म्हणतं, कोणी एसडी कार्ड, कोणी एसएसडी. फ्लॅशवर सारखं लिहिलं की ती मरते असं सगळेच सांगतात, आणि आमच्याकडे तर रेकॉर्डिंग आहे. लहान यंत्रात पीसीआय कार्ड बसत नाही, मग त्या दोन लाइनींचं काय? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

लालदिवा:

रास्पबेरी पाय ४ घ्या. माझ्याकडे सहा एक्स्टेन्शन त्यावर आहेत, वर नुसता धातूचा डबा आहे, पंखा नाही. आवाज शून्य. वीज तीन-चार वॉट. एसडी कार्ड जरा चांगलं, ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या म्हणजे झालं.

तारजोड:

मी लहान ऑफिसांच्या फोन सिस्टिम बसवते आणि नंतर त्या सांभाळतेही. या विषयावर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक प्रोसेसरवर आठवडाभर विचार करतात आणि साठवण दुकानात जे मिळेल ते उचलतात. खरं तर उलटं करायला हवं.

आधी प्रोसेसरचं बोलून टाकू, ते थोडक्यात होतं. जी.७११ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बांधण्याची पद्धत) एका कॉलचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट असतो आणि २० मिलिसेकंदांचा एक, असे सेकंदाला ५० पॅकेट एका दिशेने जातात. कॉलच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला येणं आणि जाणं धरलं तर एका कॉलमागे सेकंदाला २०० पॅकेट. तुमच्या दहा कॉलची दोन हजार. आजच्या कुठल्याही लहान प्रोसेसरला हे जाणवतसुद्धा नाही. पूर्वी पीसी इंजिन्सच्या अ‍ॅलिक्स बोर्डवर ५०० मेगाहर्ट्‌झचा जिओड प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम असायची, त्यावरही अशी ऑफिसं चालत. यंत्राला घाम फुटतो तो एका कोडेकचं दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं तेव्हा. म्हणून जी.७११ च्या ए-लॉ आणि यू-लॉ या दोन प्रकारांपैकी ट्रंकवाला ए-लॉ देत असेल तर सगळ्या फोनवर ए-लॉ पहिलं ठेवा, यू-लॉ देत असेल तर यू-लॉ. हे केलंत की इंटेल एन१०० सारखा, ६ वॉट टीडीपीचा (भार असताना साधारण एवढी उष्णता सोडणारा), बिनपंख्याच्या डब्यातला प्रोसेसर तुम्हाला भरपूर होतो.

विजेचा हिशोब सोपा आहे. एक वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. तुमचा ६० वॉटचा डेस्कटॉप वर्षाला साधारण ५२५ युनिट खातो. आठ वॉटचा डबा सत्तर.

आता साठवण. लालदिवा यांचं यंत्र छान चालत असेल, पण अठरा फोन आणि रेकॉर्डिंग असलेल्या ऑफिसला मी एसडी कार्डावर सिस्टिम देत नाही.

फ्लॅशमध्ये लिहिताना काही किलोबाइटचं एक पान लिहिता येतं, पण पुसताना तसं एकेक पान पुसता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. म्हणजे तुम्ही शंभर बाइटची एक ओळ बदललीत तरी आत कधी ना कधी त्या ब्लॉकमधली चालू पानं दुसरीकडे हलवावी लागतात आणि तो ब्लॉक पुसावा लागतो. प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसला जाऊ शकतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या एसएलसीचा आकडा एक लाखाच्या घरात असतो, दोन बिटवाल्या एमएलसीचा तीन ते दहा हजार, तीन बिटवाल्या टीएलसीचा एक ते तीन हजार, आणि चार बिटवाल्या क्यूएलसीचा त्याहूनही कमी. चांगला कंट्रोलर हे पुसणं सगळ्या ब्लॉकवर सारखं वाटून देतो. साध्या एसडी कार्डातला कंट्रोलर ते काम कितपत करतो हे बाहेरून कळायला मार्गच नसतो.

म्हणून फ्लॅशला मारतात ते किती जीबी लिहिलं यापेक्षा किती वेळा थोडं थोडं लिहिलं ते. आणि फोन सिस्टिम दिवसभर नेमकं हेच करत असते. आयओटॉप (डिस्कवर कोण लिहितंय ते दाखवणारी आज्ञा) लावून एकदा शांतपणे बघत बसा. कोणी फोन उचललेला नाही, ऑफिस बंद आहे, तरी दर थोड्या सेकंदांनी लिखाण चालूच असतं. फोन दर काही मिनिटांनी ‘मी इथे आहे’ म्हणून रजिस्टर होतात आणि ती नोंद अ‍ॅस्टरिस्क आपल्या एएसटीडीबीत, म्हणजे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये, करतो. अठरा फोन दर दोन मिनिटांनी रजिस्टर होत असतील तर दिवसाला जवळजवळ तेरा हजार नोंदी, आणि त्यातली एकही कोणाला वाचायची नसते. त्याच्या जोडीला मारियाडीबी हा डेटाबेस, कॉलच्या नोंदी, एका कॉलमागे कितीतरी ओळी लिहिणारं सीईएल (कॉलमधल्या प्रत्येक घटनेची नोंद), आणि फुल नावाचा लॉग. सिपचा पोर्ट इंटरनेटवर उघडा असेल तर रात्रभर बाहेरचे बॉट पासवर्ड चाचपडत असतात, त्यांच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचीही एक ओळ पडते.

एका ऑफिसात आधीच्या कोणीतरी एसडी कार्डावर बसवलेली सिस्टिम माझ्याकडे आली होती. तक्रार अशी की नव्या मुलीचं एक्स्टेन्शन सारखं गायब होतं. मी स्वतः पानावर भरलं, सेव्ह केलं, फोन लागला, चाचणीचा कॉलही झाला. यंत्र बंद करून चालू केलं आणि एक्स्टेन्शन पुन्हा नाही. फाइलवरची तारीख पाहिली तर कित्येक आठवड्यांपूर्वीची. कार्डाचं आयुष्य संपलं होतं. ते लिहायला नकार देत नव्हतं, ‘लिहिलं’ म्हणून उत्तर देत होतं आणि प्रत्यक्षात काहीच धरून ठेवत नव्हतं. तोवर सगळं रॅममधून चालू असल्यामुळे कॉल व्यवस्थित लागत होते. मधल्या काळात आलेले व्हॉइसमेल त्या रीबूटबरोबर गेले. हार्ड डिस्क मरताना निदान खडखडते, कुणाच्या तरी कानावर पडतं. फ्लॅशचं असं काही नसतं, म्हणून जिची तब्येत बाहेरून विचारता येते अशीच साठवण मी घेते.

या कसोटीवर लावून बघा. एसएसडीला स्मार्टसीटीएल (डिस्कचा ‘स्मार्ट’ हा तब्येतीचा अहवाल वाचणारी आज्ञा) लावलं की किती लिहिलं, किती झिजली, किती वेळा वीज अचानक गेली, हे सहसा समोर येतं. बोर्डावर सोल्डर केलेली फ्लॅश, म्हणजे ईएमएमसी, ५.० किंवा पुढची असेल तर तीही दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत आपली झीज सांगते. बाजारातली बहुतेक एसडी कार्डं काहीच सांगत नाहीत. कॉम्पॅक्टफ्लॅशचा काळ गेला. जुन्या बोर्डांवर ते जुन्या आयडीई हार्ड डिस्कसारखं लागायचं म्हणून सोयीचं होतं, आज नवीन यंत्रासाठी ते शोधत बसू नका.

तर तुमच्यासाठी: एन१०० किंवा त्याच जातीचा प्रोसेसर, पंखा नसलेला जाड पट्ट्यांचा धातूचा डबा, ८ जीबी रॅम, आणि साटा (साध्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी. एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीची एसएसडी, मुद्दाम टाळा. तिचा वेग फोनला काही उपयोगाचा नाही आणि बंद डब्यात ती तापते.

पायबद्दल आणखी एक. तुम्ही फ्रीपीबीएक्सवर आहात. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ वर बसतं आणि त्याची अधिकृत इन्स्टॉल स्क्रिप्ट फक्त ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर चालते. शिवाय पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट यायला उशीर झाला की तोवरच्या कॉलच्या नोंदींवर आणि व्हॉइसमेलवर चुकीची वेळ पडते, आणि ‘ऑफिस बंद आहे’ ही घोषणा भलत्या वेळी वाजते.

लालदिवा:

घड्याळाचं पटलं, वीज गेल्यावर तशा उलट्यासुलट्या तारखा मीही पाहिल्या आहेत. पण पाय ४ ला यूएसबीवर एसएसडी लावून त्यावरूनच बूट करता येतं की. मग कार्डाचा प्रश्न मिटतो ना?

तारजोड:

कार्डाचा मिटतो, हो. सहा फोनला आणि साध्या अ‍ॅस्टरिस्कला मी ते चालवूनही घेईन. पण यूएसबीतून एसएसडी जोडणाऱ्या केबलमधली चिप कशी आहे यावर बरंच ठरतं. काही चिप स्मार्टची माहिती पुढे पाठवत नाहीत, काही ट्रिमचा (कुठली जागा आता रिकामी ते डिस्कला सांगणारा) आदेश पाठवत नाहीत. आणि ती केबल हा आणखी एक सैल होणारा सांधा. जिथे कोणी रोज बघणार नाही अशा कपाटावर मी एकही जास्तीचा सांधा ठेवत नाही.

मधलीखोली:

तारजोडताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप आभार. एक्स्टेन्शन गायब होण्याचा किस्सा वाचून मी आधी सगळ्याचा बॅकअप घेतला.

दोन गोष्टी विचारतो. रेकॉर्डिंगचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, मला तर तीच मोठी भीती होती. चौघं मिळून दिवसाला वीसेक तास बोलतात. दुसरं, वीज अचानक गेली तर एसएसडीला काही होतं का? आमच्याकडे यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी जुनी आहे.

तारजोड:

रेकॉर्डिंगचा हिशोब मांडून बघू. साधी वेव्ह फाइल म्हणजे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, तासाला ५७.६ एमबी. वीस तासांचे सव्वा जीबीच्या आत. वर्षातले तीनशे दिवस धरले तर साडेतीनशे जीबी. साध्या २४० जीबीच्या एसएसडीच्या कागदावर ऐंशी टेराबाइट किंवा त्याच्या आगेमागे लिहिण्याची हमी असते. शिवाय रेकॉर्डिंग सलग, ओळीने लिहिलं जातं, फ्लॅशला सर्वांत मानवणारं लिखाण तेच. आतली हलवाहलव धरून दहापट झीज मानली तरी दोन दशकं पुरेल. त्यामुळे रेकॉर्डिंगने एसएसडी झिजेल ही चिंता सोडून द्या.

रेकॉर्डिंगचा धोका निराळा आहे: ते डिस्क भरतं. दिवसाला सव्वा जीबीने २४० जीबीची डिस्क वर्षाच्या आत तुडुंब होईल. मोकळी जागा संपत आली की कंट्रोलरला हलवाहलवीला वाव उरत नाही आणि झीज खरंच वाढते. पूर्ण भरली की व्हॉइसमेल थांबतो, डेटाबेस अडतो. म्हणून रोज रात्री रेकॉर्डिंग दुसऱ्या यंत्रावर हलवा आणि इथे फक्त गेल्या दोन आठवड्यांचं ठेवा. रेकॉर्डिंगचा फॉरमॅट वेव्ह४९ (दाबून लहान केलेली वेव्ह) केलात तर तीच गोष्ट तासाला सहा एमबीच्या आत बसते. आवाज थोडा दबका येतो, पण कोण काय म्हणालं हे पडताळायला पुरतो. उतारे काढायचे असतील, किंवा यंत्राकडून बोलण्याचं लिखित रूप करून घ्यायचं असेल, तर मात्र साधी वेव्हच ठेवा.

झीज कमी करायची ती बारीक लिखाणाची. रजिस्ट्रेशनची मुदत फोनमध्ये तासभर करा. पीजेसिपमध्ये (अ‍ॅस्टरिस्कच्या सिप सांभाळणाऱ्या भागात) किमान मुदतही वाढवता येते, म्हणजे एखाद्या फोनने कमी मागितली तरी सर्व्हर जास्तच देतो. फोन ऑफिसच्याच नेटवर्कवर आहेत, त्यामुळे लांब मुदतीचा त्रास नाही. बाहेरून, राउटरपलीकडून जोडलेल्या फोनसाठी क्वालिफाय (फोन जागा आहे ना हे सर्व्हरने अधूनमधून विचारणं) चालू ठेवा, त्याने वाट उघडी राहते आणि डिस्कवर लिहिणं होत नाही. सीईएलचा अहवाल कोणी बघत नसेल तर ते बंद करा. मारियाडीबीत दर व्यवहाराला डिस्कवर पक्कं लिहिण्याचं सेटिंग मूळचं १ असतं, ते २ केलं की सेकंदातून एकदा लिहिलं जातं. वीज गेलीच तर शेवटच्या सेकंदाच्या नोंदी जातील, एवढी किंमत मला चालते. लॉगमधून डीबग आणि व्हर्बोस काढा. ती पातळी अडचण शोधतानाच चालू करायची असते, आणि नंतर बंद करायला हमखास विसरली जाते. माउंट करताना नोएटाइम द्या, म्हणजे फाइल नुसती वाचली तर वाचल्याची वेळ लिहिली जात नाही. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) नको, आठ जीबी रॅमला ते लागत नाही. एफएसट्रिमचा (ट्रिम पाठवणाऱ्या आज्ञेचा) साप्ताहिक टायमर चालू आहे ना ते बघा.

आता वीज. हो, होतं, आणि झिजण्यापेक्षा याने मेलेल्या एसएसडी मी जास्त पाहिल्या आहेत. कुठला डेटा कुठल्या पानावर आहे याचा एक नकाशा कंट्रोलर सतत बदलत असतो. तो नकाशा लिहिता लिहिता वीज गेली तर कधी एखादी फाइल जाते, कधी डिस्क ओळखच देत नाही. काही एसएसडीवर यासाठीच कपॅसिटरची रांग असते. वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करण्याइतका वेळ ते देतात. सर्व्हरसाठी आणि कारखान्यातल्या यंत्रांसाठी बनवलेल्या मॉडेलच्या माहितीपत्रात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ लिहिलेलं असतं. महाग पडते. पण क्षमता निम्मी घ्या आणि हे असलेली घ्या, माझा आग्रह राहील. तुम्हाला १२० जीबीसुद्धा पुरते, रेकॉर्डिंग रोज हलवणार आहात तर.

आणि यूपीएसची बॅटरी बदला. यूपीएसमधून यूएसबीची तार यंत्राला जोडून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र स्वतः नीट बंद होईल. पण एवढंच केलं तर वीज आल्यावर ते बंदच राहील! बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं, ते पहिल्याच दिवशी लावा आणि प्लग काढून-घालून प्रत्यक्ष तपासा. लहान यंत्रांत ते बहुधा बंद असतं. सकाळी ऑफिस उघडतं, एकही फोन वाजत नाही, आणि सगळे टेलिफोन कंपनीला दोष देत बसतात.

पाटीकोरी:

मी वेगळी बाजू मांडतो. अ‍ॅस्टलिनक्ससारख्या, अ‍ॅस्टरिस्क चालवणाऱ्या सिस्टिम मुळात फ्लॅशसाठीच बनवल्या आहेत. सगळी सिस्टिम रॅममध्ये चढते, तिची मूळ प्रत फ्लॅशवर तशीच राहते, लिहिणं होतं ते फक्त सेटिंगच्या वेगळ्या भागात. मग साधी फ्लॅशही वर्षानुवर्षं टिकते. एवढा कपॅसिटरचा खर्च कशाला? फ्रीपीबीएक्समध्येही व्हार-लॉग (लॉगचं फोल्डर) टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये, टाकला की काम होतं.

तारजोड:

अ‍ॅस्टलिनक्सबद्दल पूर्ण सहमत. मन लावून बनवलेली गोष्ट आहे, आणि ज्यांना कॉन्फिग फाइली हाताने लिहायला आवडतात त्यांनी तीच घ्यावी. मधलीखोली यांच्याकडे मात्र एक्स्टेन्शन बदलणारी व्यक्ती तांत्रिक नाही असं दिसतं, आणि फ्रीपीबीएक्सची पानं त्यांच्या सवयीची आहेत. ती सवय मोडण्याची किंमत एका एसएसडीपेक्षा जास्त आहे.

लॉग रॅममध्ये टाकण्याला मात्र माझा विरोध आहे. यंत्र अडकलं, कोणीतरी प्लग काढून घातला, आणि मला बोलावलं, की मी पहिली बघते ती अडकण्याआधीची पाच मिनिटं. ती रॅममध्ये असतील तर प्लगबरोबर गेली. लॉग कमी करा, पण जे उरेल ते यंत्राबाहेर पाठवा. अ‍ॅस्टरिस्कच्या लॉगर फाइलमध्ये सिसलॉगकडे (लिनक्सच्या लॉग सांभाळणाऱ्या सेवेकडे) पाठवायची सोय आहे, तिथून आरसिसलॉग ते नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राकडे देतो. फ्लॅशवरचा भार हलका होतो आणि पुरावाही हाती राहतो.

पाटीकोरी:

बाहेर पाठवण्याचा मुद्दा मान्य. माझ्याकडेही तसंच करून घेतो.

कमीआवाज:

मधलीखोली, एक सावधगिरी सांगतो. तुमचे फोन पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज घेणारे, आहेत का? असतील तर डेस्कटॉप हलवल्यावर खोलीत शांतता होईलच असं नाही. आमच्याकडे यंत्र बदललं आणि मग लक्षात आलं की अर्धा आवाज पीओई स्विचच्या दोन लहान पंख्यांचा होता. लहान पंखे वेगात फिरतात, त्यांची शीळ डेस्कटॉपच्या घरघरीपेक्षा जास्त बोचते. इतके दिवस ती मोठ्या आवाजाखाली दबली होती.

पंखा नसलेले पीओई स्विच मिळतात, पण त्यांचं एकूण वॉटेज कमी असतं. एक साधा डेस्क फोन प्रत्यक्षात दोन-चार वॉट खातो, पण स्विच त्याच्या क्लासप्रमाणे (विजेच्या श्रेणीप्रमाणे) वॉट राखून ठेवू शकतो: क्लास १ ला ४, क्लास २ ला ७, क्लास ३ ला १५.४. अठरा फोन क्लास २ चे असतील तर १२६ वॉट नुसते राखीव. स्विचमध्ये राखीव न धरता प्रत्यक्ष वापराप्रमाणे देण्याचं सेटिंग असेल तर गणित पुष्कळ सुटसुटीत होतं. घेण्याआधी हे माहितीपत्रात बघा.

यूपीएसचंही तसंच. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर, हाताला त्याहून बरीच कमी येते. आठ वॉटचं यंत्र त्यावर कितीतरी तास चालेल, पण अठरा फोन आणि स्विच लावलेत की तासभरही निघणार नाही. आम्ही स्वागतकक्ष, व्यवस्थापक आणि विक्री, असे तीनच फोन यूपीएसवरच्या लहान स्विचला ठेवले आहेत. बाकीचे वीज गेली की बंद होतात आणि त्यांचे कॉल तिकडे वळतात.

मधलीखोली:

कमीआवाज, तुमचं वाचून आत्ताच खोलीत जाऊन डेस्कटॉप दोन मिनिटं बंद केला (जेवणाची सुट्टी होती). खरंय, स्विच शीळ घालतोच आहे! तो पलीकडच्या सामानाच्या खोलीत हलवता येईल, तारा तिथूनच येतात. यंत्र फक्त बैठकीच्या खोलीत ठेवतो, किंवा तेही तिकडेच.

आता फक्त दोन तांब्याच्या लाइनी राहिल्या.

तारजोड:

दोन्ही एकत्र त्या खोलीत ठेवायला हरकत नाही, फक्त यंत्र स्विचच्या डोक्यावर ठेवू नका. बिनपंख्याचा डबा आपली उष्णता अंगावाटेच सोडतो. खालून स्विचची गरम हवा येत राहिली तर डबा तापतो, प्रोसेसर वेग कमी करतो आणि फ्लॅशचंही आयुष्य घटतं. भिंतीला उभा लावा, पट्ट्या वरखाली येतील असा. कपाटाच्या बंद दाराआड नको. हाताला चटका बसेल इतका गरम लागला तर जागा चुकली असं समजा.

लाइनींसाठी दोन एफएक्सओ (बाहेरची तांब्याची लाइन लागते त्या) पोर्टचा गेटवे घ्या. हातावर मावेल एवढा डबा असतो, पंखा नसतो, एका बाजूला टेलिफोनच्या तारा आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क. अ‍ॅस्टरिस्कला तो आणखी एक सिप ट्रंक म्हणून दिसतो. पीसीआय कार्ड गेलं की डाहडी ड्रायव्हर गेला, आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा बांधण्याची कटकटही गेली. प्रतिध्वनी काढण्याचं काम गेटवेच करतो.

गेटवे बसवताना दोन ठिकाणी वेळ काढा. एक म्हणजे समोरच्याने फोन ठेवला हे ओळखणं. तांब्याच्या लाइनीवर काही ठिकाणी कॉल संपल्यावर लाइनीची ध्रुवता उलटते, काही ठिकाणी नुसता व्यस्त टोन येतो. तुमच्या लाइनीवर काय येतं ते ऐका आणि टोन येत असेल तर त्याची वारंवारता आणि चालू-बंदचा काळ गेटवेत भरा. हे चुकलं तर कॉल संपल्यावरही लाइन अडकून राहते आणि व्हॉइसमेलमध्ये लांबलचक टूं-टूं रेकॉर्ड होत राहतं. दुसरं, लाइनीचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा). आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकू येत असेल तर आवाजाची पातळी खालीवर करण्याआधी इम्पिडन्सचे पर्याय एकेक करून बघा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

मधलीखोली:

सगळं लिहून घेतलं. मागणी अशी ठरली: एन१०० चं बिनपंख्याचं यंत्र, ८ जीबी रॅम, १२० जीबीची पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली साटा एसएसडी, दोन पोर्टचा एफएक्सओ गेटवे, यूपीएसची नवी बॅटरी. स्विच तोच, खोली बदलून. आणखी काही जोडू का?

तारजोड:

दोन गोष्टी जोडा. एक, यंत्राचा दुसरा अडॅप्टर, तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा, त्याच मापाच्या पिनचा. बोर्ड आणि एसएसडी वर्षानुवर्षं चालतात, आणि बंद पडतो तो अडॅप्टर. नेमक्या मापाची पिन ऐन वेळी कुठेच मिळत नाही. जुना पडलेला अडॅप्टर कधी कधी बारीक किणकिणतोही, तुम्ही शांततेसाठी एवढं करताय तर तेही कानावर घ्या.

दोन, त्याच क्षमतेची आणखी एक साधी एसएसडी. सगळं बसवून, सगळ्या लाइनी तपासून झाल्या की क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पहिलीची हुबेहूब प्रत तिच्यावर घ्या आणि ‘फोन, प्रत’ असं तारखेसह चिकटवून ठेवा. मुख्य डिस्क गेली तर चार स्क्रू काढून ही बसवायची, ऑफिस अर्ध्या तासात उभं राहतं. नंतर फ्रीपीबीएक्सचा रात्रीचा बॅकअप भरला की तोवरचे बदलही आले. फक्त ती प्रत ड्रॉवरमध्ये विसरू नका. फ्लॅश विजेशिवाय अनंतकाळ डेटा धरत नाही. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार साध्या वापराच्या एसएसडीने, तिचं लिहिण्याचं आयुष्य संपल्यावर, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. नवीकोरी डिस्क त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण उष्ण जागी ठेवली तर काळ कमी होतो. मी सहा महिन्यांतून एकदा नवी प्रत घेते, त्या निमित्ताने ती डिस्क जागी आहे हेही कळतं.

जुना डेस्कटॉप लगेच मोडीत काढू नका. नवं यंत्र एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी लावा, आयपी पत्ता जुन्याचाच द्या म्हणजे फोनना हात लावावा लागणार नाही, आणि जुना नेटवर्कची तार काढून बाजूला ठेवा. महिनाअखेरीचं बिल आणि कॉलच्या नोंदी जुळल्या की मग त्याचं पीसीआय कार्ड काढून घ्या आणि बाकीचा द्या कोणाला तरी.